ब्रेक द्रव बदलताना होणाऱ्या चुका
ब्रेक द्रव हा मोटारीच्या ब्रेक पेडलवरील दाब चाकांजवळील ब्रेकपर्यंत पोहोचवणारा द्रव होय. गॅरेजमध्ये त्यास सर्रास 'ब्रेक ऑइल' म्हटले जाते. हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण प्रचलित डॉट ३, डॉट ४ व डॉट ५.१ द्रव ग्लायकॉल ईथरवर आधारित असतात. ते खनिज तेल नव्हे.

टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे तेल ओतले जाणे ही सर्वांत गंभीर चूक होय. या प्रणालीतील सील सामान्यतः ईपीडीएम रबराचे असतात. ते खनिज तेल शोषून फुगतात व ब्रेक अडकतात किंवा निकामी होतात. पेडल दाबण्यापूर्वीच चूक लक्षात आल्यास टाकी उपसून व काढून साफ करता येते. तेल पुढे गेले असल्यास नुसता द्रव बदलून भागत नाही. धातूच्या नळ्या धुऊन मास्टर सिलिंडर, कॅलिपर, व्हील सिलिंडर आणि रबरी नळ्या बदलाव्या लागतात. एबीएस असल्यास खर्च बराच वाढतो. अशी गाडी चालवत न नेता ओढून नेली जाते.

नळ्यांत हवा शिरल्यास पेडल मऊ लागते. हा दोष ब्लीडिंगने दूर होतो. सांडलेला ग्लायकॉल द्रव रंग खराब करतो, म्हणून तो लगेच पाण्याने धुतात.