एक सवाल, दोन अर्थ

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं शहर आहे. २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकाच्या वेबसाइटचं काम करत होते. बातमीदारीचं काम घड्याळावर चालतं. डेटाबेसमधली माहिती पानावर आणायला आठवडे लावून चालणार नव्हतं. त्या घाईतून पायथन भाषेतलं एक फ्रेमवर्क घडलं. जुलै २००५मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. गिटारवादक जँगो राइनहार्टच्या नावावरून त्याचं नाव पडलं जँगो.

तक्त्यांमधली माहिती सामाईक मूल्यांनी जोडायची, ही कल्पना एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७०मध्येच मांडली होती. जँगोने ती जोडणी सोपी केली. दोन अंडरस्कोअर लिहिले की एका तक्त्यातून दुसऱ्यात शिरता येई.

पण या सोयीत एक पेच होता. समजा, एका तक्त्यात बँड आहेत आणि दुसऱ्यात त्यांचे कार्यक्रम. 'शुक्रवारचे कार्यक्रम' अशी गाळणी लावली, तर शुक्रवारी वाजवणारे बँड मिळतात. एकाच बँडचे त्या दिवशी दोन कार्यक्रम असतील, तर तो बँड यादीत दोनदा येतो. आणि निवडलेल्या बँडचे कार्यक्रम मागितले, की सोमवारचे, मंगळवारचे सगळेच समोर येतात. कोणते बँड हवेत आणि प्रत्येकाचे कोणते कार्यक्रम दाखवायचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

२०१२च्या १.४ आवृत्तीत 'प्रीफेच रिलेटेड' आलं. एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला केलेल्या एका विचारणेत, बँड, दुसरीत त्या सगळ्यांचे कार्यक्रम, आणि जुळणी पायथनमध्ये. त्यामुळे बँडगणिक नवी क्वेरी टळली. मात्र आणलेल्या कार्यक्रमांवर पुन्हा गाळणी लावली, की प्रत्येक बँडसाठी डेटाबेसकडे नवी फेरी व्हायचीच.

प्रत्येकाचे कोणते कार्यक्रम दाखवायचे, या दुसऱ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर २०१४च्या १.७ आवृत्तीतल्या 'प्रीफेच' ऑब्जेक्टने दिलं. संबंधित नोंदी आणतानाच त्या गाळून आणायच्या.

टॉम क्रिस्टी यांच्या 'जँगो रेस्ट फ्रेमवर्क'वर एपीआय लिहिणाऱ्यांना याचा थेट लाभ झाला. तिथला आतला सिरियलायझर, म्हणजे संबंधित नोंदी एपीआयच्या उत्तरात मांडणारा भाग, नात्यातल्या सगळ्या नोंदी मागतो. त्या आधीच गाळून ठेवल्या असतील, तर तेवढ्याच बाहेर जातात. अप्रकाशित मसुदे वाचकापर्यंत पोचू नयेत, यासाठी ही सोय फार मोलाची आहे. मात्र पुढच्या कोडला ती अपुरी यादीच पूर्ण वाटू शकते. म्हणून गाळलेल्या नोंदी वेगळ्या नावाखाली ठेवाव्यात, अशी शिफारस जँगोच्या अधिकृत दस्तऐवजातच आहे.