गडद छटेची कुळकथा

एक्सेलच्या शीटमध्ये पहिल्या कॉलमात जिल्हे, दुसऱ्यात नोंदलेले गुन्हे, तिसऱ्यात लोकसंख्या. चौथ्यात भागाकार करायचा, लाखानं गुणायचं आणि त्या कॉलमला रंगछटा द्यायची. आकडा मोठा तशी छटा गडद. या कामाचं मूळ शोधू लागलं की आपण दोनशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये पोचतो.

तिथल्या न्यायखात्यानं 1825 पासून देशभरच्या सरकारी वकिलांकडून ठरावीक नमुन्यातले तक्ते मागवायला सुरुवात केली. कुठल्या विभागात किती आरोपी, गुन्हा कोणता, आरोपीचं वय काय, निकाल काय लागला. 1827 मध्ये ते छापून आले. त्याच सुमारास, 1826 मध्ये, शार्ल द्युपँनं शालेय शिक्षणाचा नकाशा काढला होता. जिथं शिक्षण कमी, तो विभाग काळा. तक्ता एकीकडे होता, छटा दुसरीकडे. त्यांची गाठ घालून दिली आंद्रे-मिशेल गेरी या तूर शहरातल्या तरुण वकिलानं.

भूगोलतज्ज्ञ आद्रियानो बाल्बीबरोबर 1829 मध्ये त्यानं एकाच मोठ्या कागदावर फ्रान्सचे तीन नकाशे छापले: माणसांविरुद्धचे गुन्हे, मालमत्तेविरुद्धचे गुन्हे आणि शिक्षण. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे शेजारी-शेजारी ठेवणं. अज्ञानातून गुन्हे वाढतात, हे तेव्हा सगळे धरूनच चालत. नकाशांनी मात्र वेगळंच दाखवलं. शिक्षणात पुढे असलेल्या ईशान्य भागातच मालमत्तेचे गुन्हे जास्त होते.

1833 च्या ग्रंथात गेरीनं सहा वर्षांचे आकडे 86 विभागांसाठी मांडले. नुसती संख्या त्यानं घेतली नाही, कारण तशी घेतली तर दाट वस्तीचे विभाग आपोआप काळे होतात. त्यानं विचारलं, किती माणसांमागे एक आरोपी? म्हणजे त्याच्याकडे आकडा लहान तेवढी स्थिती वाईट. 5,000 माणसांमागे एक, म्हणजे आपल्या हिशेबात लाखामागे 20. जुना तक्ता आजच्या शीटमध्ये उतरवताना ही उलटापालट विसरली, तर अख्खा नकाशा उलटा रंगतो.

मग 1979 मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क आलं, एक्सेलसारखीच संगणकावरची शीट. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली प्रत्येक बेरीज आपोआप बदलू लागली. तरी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या पोलिसांतला जॅक मेपल कागदाच्या नकाशांनी 55 फूट भिंत भरवून त्यावर रंगीत खडूनं लूटमारीच्या खुणा करत होता. 1994 मध्ये त्याच शहराच्या पोलीस दलात कॉम्पस्टॅट सुरू झालं, त्यामागे त्याच भिंतीचा अनुभव होता. त्यात आठवड्याचे आकडे आणि नकाशे समोर ठेवून ठाण्याच्या प्रमुखांना जाब विचारला जाई. आकड्यावर नोकरी तोलली जाऊ लागली, तशी गंभीर तक्रार हलक्या सदरात नोंदवली जात असल्याचे आरोपही झाले. मला ते फार खुपतं, कारण तिथं चुकीच्या खणात गेलेली प्रत्येक नोंद म्हणजे दाद मागायला आलेलं एक माणूस असतं.

आपल्याकडे ‘क्राइम इन इंडिया’ हा गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल 1953 पासून निघतो. 1986 मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आज तो काढतो आणि संख्येशेजारी लाखामागचा दरही देतो. नुसत्या संख्येनं महाराष्ट्र, उत्तर प्रदेश अशी मोठी राज्यं वर येतात. दराच्या कॉलमवर छटा दिली की चित्र पालटतं: साक्षरतेत पुढे असलेलं केरळ कित्येक वर्षं सर्वांत गडद राज्यांत दिसतं आणि बिहार त्याच्यापेक्षा फिका. केरळात माणूस ठाण्याची पायरी चढतो आणि त्याची तक्रार लिहून घेतली जाते, हे त्या गडदपणाचं एक मोठं कारण. शीटमधला खण रंगतो तो ठाण्याच्या वहीत उतरलेल्या गुन्ह्यानं. न उतरलेल्यासाठी तिथं कॉलमच नसतो.