‘चोरा’तला च आणि कवटीवरची वीज

नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात परंपरेने घरांना चौकट असते, कवाड नसते. आणि ‘चौकट’, ‘चोर’, शनीचा ‘चौथरा’ या तिन्ही शब्दांतला च दातांमागे घासून निघतो. उत्तरेकडचा भाविक तोच ‘चोर’ आपल्या ‘चिंच’मधल्या चने उच्चारतो. अक्षर एकच, तरी मराठी कान फरक लगेच पकडतो. ही पकड मेंदूत कशी होते, हे विचारायला संशोधक हल्ली कवटीवरून सौम्य वीज सोडतात.

या तंत्राचे कूळ बहुधा रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गसपाशी नेऊन भिडवतात. पहिल्या शतकात तो डोकेदुखीवर विजेचा मासा कपाळाला लावायला सांगे. मला हा पूर्वज मानलेला वाटतो, सख्खा नव्हे. मासा हा उतारा होता. इथे वीज हा प्रश्न आहे. खरे कूळ माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्डचे. शस्त्रक्रियेत जाग्या असलेल्या रुग्णाच्या उघड्या मेंदूला तो विजेचा स्पर्श करी आणि काही ठिकाणी बोलता बोलता वाचा अडे. तो भाग बोलताना नुसता जागा नसतो, कामाला जुंपलेला असतो, हे त्यातून कळे. २००० साली ग्योटिंगेनमध्ये निट्शे आणि पाउलुस यांनी कवटी न उघडता, अवघ्या १ मिलिअँपिअरने, हालचाली चालवणाऱ्या भागाची उत्तेजनक्षमता बदलून दाखवली. मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज डोक्याला बांधायचे, बस. (शनीच्या शिळेवर ओततात तसले तेल केसांना असेल तर पंचाईत, तेल विजेला वाट देत नाही.) एवढ्याशा विजेने पेशी पेटत नाही, पेटण्याच्या उंबरठ्याच्या तेवढी जवळ किंवा दूर सरकते.

आक्षेप रास्त आहेत. २०१८ साली मृतदेहांवर केलेल्या मोजणीत सुमारे तीन चतुर्थांश वीज त्वचेत आणि हाडातच अडली. मग उरलेली काय करणार? नवे काही घडवणार नाहीच. चाललेल्या कामाला जरासा कल देईल, आणि प्रश्न विचारायला तेवढे पुरते. दुसरा आक्षेप मुंग्यांचा: त्वचा चुणचुणते, माणूस सावध होतो, उत्तर बदलते. त्यासाठी काही जणांना क्षणभरच वीज देऊन ती गुपचूप बंद करतात. शिवाय २०१६चा एक प्रयोग पाहा. कंठातली कंपने किती उशिरा सुरू होतात यावरून ओळखायचे ध्वनी ऐकवताना ४० हर्ट्झची प्रत्यावर्ती वीज दिली, तेव्हा तरुणांच्या चुका वाढल्या, वृद्धांच्या घटल्या. नुसत्या मुंग्यांनी दोघांना असे उलट दिशांना कशाला ढकलले असते?

म्हणून मराठी च मला या तंत्राजोगा वाटतो. ‘चार गुरे’ आणि ‘गुरांना चार’ यांतल्या दोन चांमध्ये यंत्राने बारीक पायऱ्या पाडाव्यात, कान कोणत्या पायरीवर बाजू बदलतो ते टिपावे, आणि वीज सुरू केल्यावर ती पायरी सरकते का पाहावे. शेजारी तुलनेला हिंदी कान बसवावा.