मुक्ती म्हणजे सगळ्यांपासून सुटणं की सगळ्यांशी जोडलं जाणं? ख्रिस्ती विचार काय सांगतो?

ठाण्याच्या माजिवड्यापासून निघालेला घोडबंदर रोड कापूरबावडी, मानपाडा, कासारवडवली, गायमुख असं करत घोडबंदर गावापर्यंत जातो. एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये उंच टॉवरची रांग. इथे राहायला आलेल्या अनेकांना दोन गोष्टी एकाच वेळी जाणवतात. गावातल्या किंवा चाळीतल्यासारखं इथे कुणी कुणाच्या अध्यातमध्यात नसतं, त्यामुळे मोकळं वाटतं. पण मध्यरात्री घरातल्या कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर कुणाचं दार वाजवायचं हेही कळत नाही.

मोकळं असणं आणि जोडलेलं असणं, या दोन्ही गोष्टी एकत्र मिळू शकतात का? हा प्रश्न टॉवरइतका नवा नाही. ख्रिस्ती धर्मविचारात तो जवळपास दोन हजार वर्षं चर्चेत आहे. महाराष्ट्रात पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांनी तर त्याची उत्तरं स्वतःच्या आयुष्याची किंमत मोजून शोधली.

थोडक्यात

- ख्रिस्ती विचारात आध्यात्मिक स्वातंत्र्य म्हणजे माणसांपासून सुटका नव्हे, तर भीती, स्वार्थ आणि जाचक नियम यांच्यापासून सुटका. ती मिळाल्यावर माणूस दुसऱ्यांसाठी मोकळा होतो.
- समूहाशिवाय श्रद्धा अपुरी मानली जाते, पण समूहाला कुणाच्या विवेकबुद्धीवर मालकी सांगता येत नाही.
- मराठी ख्रिस्ती इतिहासात या दोन्ही बाजूंची ओढाताण स्पष्ट दिसते.

'सहभागिता' म्हणजे काय?

बायबलचा नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात 'कोइनोनिया' हा शब्द वारंवार येतो. मराठीत त्यासाठी बहुतेकदा 'सहभागिता' हा शब्द वापरतात. नुसतं एकत्र जमणं एवढाच त्याचा अर्थ नाही. एकमेकांच्या सुखदुःखात, अन्नात आणि पैशातही वाटा असणं असा त्याचा अर्थ आहे.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात यरुशलेममधल्या पहिल्या ख्रिस्ती समूहाचं वर्णन आहे. ही माणसं एकत्र जेवत, प्रार्थना करत आणि ज्याला जशी गरज असेल तशी मालमत्ता विकून मदत करत. संत पौलानं करिंथच्या लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात यासाठी शरीराची उपमा वापरली आहे. हात, पाय, डोळा ही कामं वेगळी, पण एका अवयवाला दुखलं की सगळ्या शरीराला दुखतं. या उपमेत सगळ्यांनी सारखं होण्याची अट नाही. उलट, सगळे डोळेच झाले तर शरीर उरणार नाही, असा तिचा रोख आहे.

मग स्वातंत्र्य कुठे आलं?

पौलाच्याच दुसऱ्या एका पत्रात. आजच्या तुर्कस्तानातल्या गलतिया भागातल्या समूहांना त्यानं इसवी सन ५० च्या आसपास पत्र लिहिलं. वाद असा होता: जे लोक ज्यू नाहीत, त्यांनी येशूच्या मार्गावर येताना सुंता आणि इतर ज्यू नियम पाळायलाच हवेत का? पौलाचं उत्तर ठाम 'नाही' असं होतं. बाहेरचे नियम माणसाला देवाजवळ नेत नाहीत, असं त्यानं सांगितलं.

पण तो तिथेच थांबला नाही. मिळालेलं स्वातंत्र्य मनमानीसाठी वापरू नका, प्रेमानं एकमेकांची सेवा करा, असा त्याच्या पुढच्या म्हणण्याचा आशय आहे. म्हणजे स्वातंत्र्याची कसोटी 'मी काय काय करू शकतो' ही नाही. 'मी कुणाच्या उपयोगी पडू शकतो' ही आहे.

करिंथच्या पत्रात याचं रोजच्या जगण्यातलं उदाहरण आहे. मूर्तींना वाहिलेलं मांस खावं की नाही, यावर तिथे भांडण होतं. पौलाच्या मते खाण्यात काही गैर नव्हतं. पण आपल्या खाण्यानं शेजाऱ्याचं मन डळमळणार असेल, तर आपला हक्क आपणहून बाजूला ठेवायला तो तयार होता. हक्क असणं आणि तो दरवेळी बजावणं, यात त्यानं फरक केला.

पुढे १५२० मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक पुस्तिकाच लिहिली. श्रद्धावान माणूस कुणाचाही गुलाम नसतो, तरीही प्रेमामुळे तो सगळ्यांचा सेवक होतो, असा तिचा गाभा आहे. विसाव्या शतकात हिटलरच्या राजवटीला विरोध करणारे धर्मगुरू डीट्रिश बॉनहॉफर यांनी १९३९ मध्ये सामूहिक जीवनावर पुस्तक लिहिलं. एकटं राहता येत नाही म्हणून समूहात धावणं जितकं धोक्याचं, तितकंच माणसं नकोत म्हणून एकांतात पळणंही धोक्याचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

रमाबाईंची 'मुक्ती'

मराठीत हा प्रश्न सर्वांत धारदारपणे विचारला तो पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२). संस्कृतच्या विदुषी म्हणून त्यांची ख्याती कोलकात्यापर्यंत पोचली होती. पतीच्या निधनानंतर १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथे अँग्लिकन जोगिणींच्या सहवासात असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्म बदलला म्हणून त्यांनी विचार करणं थांबवलं नाही. येशूचं देवत्व, त्रैक्याचा सिद्धांत, बिशपचा अधिकार अशा विषयांवर त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या जोगिणींशी पत्रांतून वाद घातले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून बाहेर पडल्यावर दुसऱ्या कुणाचं जोखड मानेवर घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ज्यांनी आश्रय दिला, त्यांच्यापुढेही त्यांनी आपला विवेक गहाण ठेवला नाही.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी 'शारदा सदन' सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. इथे स्वातंत्र्याचा प्रश्न उलट्या बाजूनं उभा राहिला. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या, तेव्हा धर्मांतराचा आरोप झाला आणि पुण्यात मोठं वादळ उठलं. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. आपण कुणावर सक्ती करत नाही आणि कुणाला अडवणारही नाही, असं रमाबाईंचं म्हणणं होतं. आश्रयाला आलेल्या मुलीचा निर्णय कितपत स्वतंत्र असू शकतो, हा टीकाकारांचा प्रश्न होता. हा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि स्त्रियांना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणलं. तिथे उभ्या राहिलेल्या वसाहतीचं नाव त्यांनी ठेवलं 'मुक्ती'. मराठी माणसाला हा शब्द संतांमुळे ओळखीचा. पण इथल्या मुक्तीत प्रार्थनेइतकंच काम होतं: शेती, गाईगुरं, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, अंध स्त्रियांचं शिक्षण. घरानं किंवा समाजानं टाकून दिलेल्या बाईला 'तू मुक्त आहेस' एवढं सांगून भागत नाही. तिला जेवण, हातात कौशल्य आणि आपली म्हणावी अशी माणसं लागतात. केडगावला मुक्ती आणि सहभागिता हे एकाच वास्तूचे दोन दरवाजे होते.

टिळकांचं स्वातंत्र्य, लक्ष्मीबाईंची किंमत

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या दृष्टीनं हा अंतःकरणाचा स्वतंत्र निर्णय होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंसाठी मात्र तो संसार मोडणारा घाव ठरला. काही वर्षं त्यांना नातेवाइकांच्या आधारानं पतीपासून दूर राहावं लागलं.

त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध झाले. त्यात हा काळ कडवटपणा न ठेवता, अनेकदा हसत हसत सांगितला आहे. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळंओवळं, जातीची बंधनं यांतून त्या स्वतःच्या गतीनं, स्वतःशी भांडत बाहेर पडल्या आणि बाप्तिस्मा टिळकांनंतर पाच-एक वर्षांनी घेतला. स्वातंत्र्याच्या चर्चेत ही बाजू अनेकदा सुटते. एकाची मुक्ती ही दुसऱ्याच्या वाट्याला आलेली फरफट असू शकते. म्हणूनच दुसऱ्याला त्याचा वेळ देणं हाही सहभागितेचाच भाग ठरतो.

टिळकांना पुढे परदेशी मिशनची चौकटही अपुरी वाटू लागली. आपण तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. चर्चमध्ये अभंग, भजन, कीर्तन आणण्यात त्यांचा मोठा वाटा आहे आणि त्यांची गीतं मराठी उपासनेत आजही गायली जातात. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही येशूचे शिष्य म्हणून तिथे जागा होती. हा प्रयोग दोन वर्षांतच, टिळकांच्या मृत्यूमुळे, अर्ध्यावर राहिला. पण समूहाची सीमा कुठे आखायची, हा त्यानं विचारलेला प्रश्न राहिला.

घोडबंदर रोडवर याचं काय?

घोडबंदर रोड साष्टी बेटाच्या उत्तर कडेनं जातो. पोर्तुगीज काळात, म्हणजे सोळाव्या शतकापासून, या पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती वाढली. इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाला 'ईस्ट इंडियन' म्हणतात. त्यांची घरची बोली मराठीचंच एक रूप आहे. लग्नात वाजतगाजत विहिरीवरून 'उंबराचं पाणी' आणणं, ऑक्टोबरमध्ये 'आगेरा' या सणाला नव्या भाताची कणसं चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेणं, गावठाणातल्या क्रुसापाशी जमून प्रार्थना करणं, ही त्यांच्या सहभागितेची जुनी रूपं. त्यात श्रद्धा आणि शेजार वेगळे काढता येत नाहीत.

टॉवरमध्ये विहीर नाही, भातशेतीही नाही. शिवाय इथले ख्रिस्ती रहिवासी गोवा, मंगळूर, केरळ, तमिळनाडू, वसई असे ठिकठिकाणचे. अशा शहरी वस्तीसाठी मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांतात 'स्मॉल ख्रिश्चन कम्युनिटी' ही पद्धत रुजली आहे. ठाणेही याच धर्मप्रांतात येतं. एका परिसरातली काही कुटुंबं आळीपाळीनं एकमेकांच्या घरी जमतात, बायबलमधला उतारा वाचतात, त्यावर बोलतात आणि आजारपणात, मृत्यूच्या वेळी एकमेकांकडे जातात.

खाडीपलीकडच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हा विचार आणखी पुढे नेला. 'हरित वसई संरक्षण समिती'च्या चळवळीत त्यांनी सर्वधर्मीय गावकऱ्यांसोबत वसईची शेतं आणि पाणी वाचवण्यासाठी लढा दिला. 'सुबोध बायबल'साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या कामात 'आपली माणसं' या शब्दांत विहिरीवर पाणी भरणारा प्रत्येक जण येत होता.

समूह कधी बंधन बनतो?

जोडलेपणाच्या नावाखाली दबावही येऊ शकतो आणि चर्चचा इतिहास याला अपवाद नाही. जातिभेद चर्चमध्येही शिरला. दलित ख्रिस्ती आजही त्याविरुद्ध बोलतात. धर्माच्या बाबतीत सक्ती नको हे कॅथलिक चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ च्या जाहीरनाम्यात, स्पष्ट शब्दांत मान्य केलं. भारताच्या राज्यघटनेचं कलम २५ सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य प्रत्येकाला देतं.

वर आलेल्या उदाहरणांतून कुठल्याही धर्माच्या, पंथाच्या किंवा गटाच्या बाबतीत विचारता येतील असे काही प्रश्न निघतात:

- रमाबाईंसारखे प्रश्न विचारणाऱ्याला इथे जागा आहे का?
- लक्ष्मीबाईंसारखं एखाद्यानं आपल्या गतीनं चालायचं ठरवलं, तर ते चालतं का?
- बाहेर पडणाऱ्याशी संबंध तोडले जातात का?
- मदत फक्त आपल्यातल्यांनाच मिळते का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीतही शोधता येतं. संध्याकाळी प्रार्थनेसाठी जमलेल्या कुटुंबांना एकमेकांची नावं माहीत असतात. खाली गेटवर बसलेल्या वॉचमनचं नाव त्यांतल्या किती जणांना माहीत आहे, यावरून ती सहभागिता कुठवर पोचली ते समजतं.