माल कोठला? : मोटारीच्या सुट्या भागांचा इतिहास

दिल्लीचे काश्मीरी गेट, कलकत्त्याचा मल्लिकबाजार, चेन्नईचा जनरल पॅटर्स रस्ता किंवा मुंबईतील ऑपेरा हाऊसचा परिसर, मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या या पेठांत बोली निरनिराळ्या ऐकू येतात, पण गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न सर्वत्र एकच असतो : "माल कोठला?" किमतीची चौकशी त्यानंतर. दुकानदाराचे उत्तरही ठरलेले : 'इंपोर्टेड', 'ओरिजिनल' अथवा 'लोकल'. यांतील शेवटचा शब्द उच्चारताना त्याचा स्वर किंचित उतरतो, हे आपणां सर्वांच्या अनुभवाचे आहे.

वस्तूची पारख तिच्या जन्मगावावरून करण्याची ही रीत कोठून आली आणि तिच्यात तथ्य किती, याचा थोडा ऐतिहासिक मागोवा घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आपल्या मंडळाचा जन्म झाला, त्या काळी देशातील रस्त्यांवर प्रायः अँबॅसडर आणि फियाट याच गाड्या दिसत, आणि 'देशी मालात राम उरला नाही' ही तक्रार घरोघरी ऐकू येई. तेव्हा हा विषय आपल्या स्मरणातलाच म्हणावयाचा.

जुळणीकडून घडणीकडे

मोटार आपल्या देशात प्रथम आली ती परक्या मुलखात संपूर्ण घडून. पुढे ती पेट्यांतून सुट्या भागांच्या रूपाने येऊ लागली. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. पाठोपाठ फोर्डही आली. बाहेर घडलेले भाग येथे जोडावयाचे, रंग द्यावयाचा आणि गाडी रस्त्यावर सोडावयाची, एवढेच आपल्या कामगाराच्या वाट्याचे काम.

सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांना हे दुय्यम स्थान मान्य नव्हते. फोर्डशी चाललेली बोलणी निष्फळ ठरल्यावर त्यांनी क्रायस्लरशी करार केला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली गाडी बाहेर पडली. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ साली ओखा बंदरात सुरू होऊन १९४८ साली कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथे गेली. मद्रासेत स्टँडर्ड कंपनी उभी राहिली. तथापि, या स्वदेशी कारखान्यांचा आरंभही जुळणीनेच झाला होता.

खरे वळण आले ते १९५३ साली. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार शासनाने ठरविले की, जे कारखाने सुटे भाग क्रमाक्रमाने येथेच घडवतील, त्यांनाच या धंद्यात राहता येईल. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. इकडे पूरक उद्योगांचे जाळे पसरू लागले. बंगलोरच्या मायकोचा आरंभ १९५१ सालीच झाला होता. तिच्या स्पार्क प्लगांनी आणि डिझेल इंजिनाच्या पंपांनी नाव मिळवले. १९६१ साली मद्रासेत लुकास-टीव्हीएस आणि पुण्यात नीलकंठराव कल्याणींची भारत फोर्ज स्थापन झाली. पुढच्या काही वर्षांतच गाडीचे बहुतेक सर्व भाग देशातच होऊ लागले. जो देश काल पेट्या उघडत होता, त्याच्या दृष्टीने ही सिद्धी लहान नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे.

उतरती कळा

आणि तरीही माल घसरत गेला. मोटारींच्या गुणवत्तेची चौकशी करण्यासाठी शासनाला १९६७ साली समिती नेमावी लागली, यावरून तक्रारींचे स्वरूप ध्यानात येईल. अँबॅसडरचा हॉर्न सोडून बाकी सर्व भाग वाजतात, हा विनोद त्याच काळाचा वारसा होय.

याचे कारण कामगाराच्या हातात शोधणे सोपे, पण अन्यायाचे होईल. दरवाजा किंवा मडगार्ड घडते ते पोलादी साच्यात पत्रा दाबून. हजारो दाब सोसून साचा झिजतो. मग दरवाजा चौकटीत बसेना होतो, तो हातोडीने बसवावा लागतो आणि फट लांबी भरून बुजवावी लागते. नवा साचा अतिशय महाग; त्याचा खर्च अनेक गाड्यांवर वाटला गेला, तरच परवडतो. सत्तरच्या सुमारास तिन्ही कंपन्या मिळून वर्षाकाठी तीस-चाळीस हजारांच्या आसपास मोटारी काढीत. एवढ्या थोड्या संख्येत नवा साचा कोण करणार?

लहान कारखान्यांची अडचण निराळी. गिअरचे चाक कापून झाले, तरी ते अर्धेच तयार असते. पोलादाला पाणी देण्याची क्रिया नीट झाली, तरच त्याच्या दातांना टणकपणा येतो. येथे भट्टीचे तापमान थोडे चुकले किंवा पोलादच भलत्या जातीचे वापरले, तरी वरून दोन्ही चाके सारखीच दिसतात. फरक कळतो तो घाटात, गाडी बंद पडल्यावर. आयातीवर निर्बंध असल्याने हवे ते पोलाद मिळेलच, अशी शाश्वती नव्हती, आणि तपासणीची साधने बाळगण्याची ऐपत थोड्यांचीच होती.

परंतु या सर्वांहून मोठे कारण वेगळेच होते. गिऱ्हाईक गाडीसाठी वर्षानुवर्षे रांगेत उभे होते. नावनोंदणीची पावती हीच संपत्ती, अशी अवस्था असताना सदोष गाडी परत करण्याचे धैर्य कोण दाखवणार? तक्रार करणाऱ्याला पर्याय नव्हता, म्हणून करणाऱ्यालाही ती ऐकण्याची निकड नव्हती. अँबॅसडर १९५७ साली अवतरली आणि २०१४ साली बंद झाली. पावणेपाच तपांच्या काळात जग कितीदा बदलले, पण तिची मूळ आकृती ओळखू येण्यासारखीच राहिली.

त्याच मातीतील दुसरे पीक

दोष मातीचाच असता, तर पुढील घटना घडत्या ना. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांनी १९६६ साली पुण्याजवळ कारखाना उभारला, तो आधी यंत्रे, साचे आणि शिकाऊ कारागीर तयार करण्यासाठी. तेथून पहिली व्यापारी गाडी निघाली ती १९७७ साली. मधली वर्षे वाया गेली, असे तेव्हा कोणास वाटले असेल. वस्तुतः पुढच्या कामाचा पाया त्याच वर्षांत घातला गेला.

१९८३ च्या १४ डिसेंबरला गुरगावची पहिली मारुती गिऱ्हाइकाच्या हाती पडली. जपानच्या सुझुकीचे तंत्र आणि तपासणीची शिस्त त्या कंपनीने सुटे भाग पुरवणाऱ्यांपर्यंत नेली. मद्रासेतील सुंदरम फास्टनर्सने इंग्लंडमधील रेडिएटरच्या झाकणांची यंत्रसामग्री १९९२ साली मद्रासेत आणून बसविली आणि ती झाकणे जनरल मोटर्सलाच पुरवली. चार दशकांपूर्वी गाशा गुंडाळून गेलेली हीच ती कंपनी! १९९८ साली सुंदरम-क्लेटनला गुणवत्तेसाठीचे जपानचे डेमिंग पारितोषिक मिळाले. भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट परदेशी इंजिनांत फिरू लागले, आणि २००४ साली तिने जर्मनीतील एक जुना घडाईचा उद्योग आपलासा केला.

उलट बाजूही पाहावी. टकाटा ही जपानची नामांकित कंपनी. तिच्या एअरबॅगमधील स्फोटक रसायन दमट हवेत कालांतराने बिघडे आणि जीव वाचवण्यासाठी बसविलेले धातूचे डबे फुटून तुकडे माणसांच्या अंगात घुसत. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ६ कोटी ७० लाख डबे परत मागवावे लागले. चाचण्यांची खोटी माहिती दिल्याचा गुन्हा कंपनीने २०१७ साली कबूल केला आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. 'इंपोर्टेड' या शब्दाने येथे कोणाचे रक्षण केले नाही.

म्हणून दुकानाच्या फळीपाशी विचारावयाचा प्रश्न बदलला पाहिजे. माल कोठला, यापेक्षा तो तपासला कोणी आणि बिघडला तर उत्तर कोण देणार, हे विचारणे अधिक शहाणपणाचे. घरापासून दूर राहणाऱ्या आपणांस "तुम्ही मूळचे कोठले?" हा प्रश्न नवा नाही. त्याचे उत्तर आपण अभिमानाने देतो. परंतु येथे आपली पत राहिली आहे ती गावाच्या नावावर नव्हे, तर रोजच्या कामावर. लोखंडाच्या तुकड्यालाही आपण तोच न्याय लावावा.