दर दोन तासांनी बदललेली कूस

१/ २९ जुलै १९४८. लंडनच्या वेम्बली मैदानावर ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते. त्याच दिवशी लंडनबाहेर एल्सबरीजवळच्या स्टोक मँडेविल रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीत बसलेले १६ जण धनुष्याला बाण लावून नेम धरत होते. १४ पुरुष, २ स्त्रिया. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ त्या हिरवळीत आहे. आणि त्या मुळाचा एक धागा थेट सांगली जिल्ह्यातील पेठ गावापर्यंत येतो. #थ्रेड #इतिहास

२/ त्या काळी मज्जारज्जूला इजा होणे म्हणजे मरणाची चिठ्ठीच. पहिल्या महायुद्धात अशा जखमी सैनिकांपैकी सुमारे ८० टक्के दगावले, असे मानले जाते. त्यांना मारले ते मात्र गोळीने नव्हे.

३/ कमरेखालची संवेदना गेली की टोचणारे अंथरूणही कळत नाही. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो. हा रुग्ण बदलू शकत नाही. दाबलेल्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो, तिथे शय्याव्रण होतात आणि त्यांतून विष रक्तात भिनते. दुसरीकडे मूत्राशय रिकामे होत नाही. तेथील जंतुसंसर्ग मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. उपचार काय? प्लास्टरच्या साच्यात निजवणे, गुंगीचे औषध देणे आणि वाट पाहणे.

४/ ही वाट पाहणे ज्यांना अमान्य होते, ते डॉ. लुडविग गुटमन. जन्म १८९९, जर्मनीतील ज्यू कुटुंबात. ब्रेस्लाऊ येथे मेंदू व मज्जासंस्थेचे नामांकित तज्ज्ञ. १९३३ नंतर नाझी राजवटीने त्यांना केवळ ज्यू रुग्णालयातच काम करण्याची मुभा ठेवली.

५/ ९ नोव्हेंबर १९३८च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची घरे, दुकाने व प्रार्थनास्थळे जाळली गेली. दाराशी येईल त्या प्रत्येकाला काहीही न विचारता दाखल करून घ्या, असा आदेश गुटमन यांनी दिला. ६४ जण आत आले. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी आले, तेव्हा त्यांनी एकेका खाटेपाशी थांबून एकेक ‘आजार’ समजावून सांगितला. ६० जण अटकेतून वाचले. १९३९ साली गुटमन यांनी सहकुटुंब इंग्लंड गाठले.

६/ १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेविल येथे मज्जारज्जू-इजा केंद्र सुरू झाले आणि ते गुटमन यांच्या हाती आले. त्यांनी पहिल्यांदा प्लास्टरचे साचे हद्दपार केले. मग नियम घातला : दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची. दिवसा आणि रात्रीही. नियम पाळला जातो की नाही हे पाहायला ते स्वतः अपरात्री वॉर्डात येत. मूत्राशयाची निगाही तितक्याच कडक शिस्तीने राखली जाई.

७/ यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. होती ती फक्त चिकाटी. आणि हा माणूस जगण्याच्या लायकीचा आहे, हा आग्रह. खरी क्रांती त्या आग्रहात होती, कारण तो धरला नाही तर मध्यरात्री उठून कोणाची कूस बदलण्याची गरजच उरत नाही.

८/ जीव वाचला, पुढे काय? गुटमन यांनी रुग्णांना सुतारकाम, घड्याळदुरुस्ती अशी कामे दिली आणि त्याबरोबर खेळ दिला. धनुर्विद्येने खांदे, दंड व पाठ बळकट होतात. शिवाय खुर्चीतला धनुर्धर उभ्या धनुर्धराशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो. १९५२ साली नेदरलँड्सचे माजी सैनिक आले आणि या स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाल्या. १९६० साली रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू उतरले.

९/ या कथेला एक उणी बाजूही आहे. या स्पर्धा दीर्घकाळ मुख्यतः मज्जारज्जूची इजा झालेल्यांपुरत्याच राहिल्या. अंध आणि हात-पाय गमावलेल्या खेळाडूंना दार उघडले ते १९७६ साली, टोरांटोत. वगळल्या गेलेल्यांसाठी उभी राहिलेली चळवळही कोणाला तरी वगळत होती.

१०/ आता पेठ गावाकडे. मुरलीकांत पेटकर, भारतीय लष्करातील जवान व मुष्टियोद्धे. १९६५च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले. बॉक्सिंग संपले. उपचाराचा भाग म्हणून पोहणे सुरू झाले, आणि पाण्यात उतरलेला रुग्ण पुन्हा खेळाडू झाला.

११/ ऑगस्ट १९७२, हायडेलबर्ग. ज्या जर्मनीतून गुटमन परागंदा झाले, तिथेच ३३ वर्षांनी त्यांच्या हिरवळीवर रुजलेल्या स्पर्धा भरल्या होत्या. ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पेटकरांनी ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम नोंदवून सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. ऑलिंपिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक सुवर्ण मिळाले, ते त्यानंतर ३६ वर्षांनी.

१२/ पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी. गुटमन १९८० सालीच निवर्तले होते. वॉर्डातील नियम दोन तासांचा होता. समाजाने कूस बदलायला जवळपास अर्धे शतक घेतले. रॅम्प नसलेली शाळा, चाकाची खुर्ची शिरत नाही असे दवाखान्याचे स्वच्छतागृह, जिने चढून गाठायचे सरकारी कार्यालय हे सारे पाहिले, की ती कूस अजून पुरती बदललेली नाही हे कळते.