ट्रंकेतली दिंडी



शताब्दीच्या पुस्तकात दिंडीचा इतिहास लिहा, असे मंडळींनी आम्हाला सांगितले. आम्ही शेतकरी माणूस, शाळा चौथीपर्यंत. कीर्तनात दोन तास उभे करा, ते जमते. लिहायचे म्हटले की हात जड होतो. तरी आज्ञा झाली म्हणून लिहितो. दिंडीचा जमाखर्च वहीत आहे तो अलीकडचा. आधीचे सगळे तोंडी. वीणा कोणाच्या गळ्यात असायची, पहिली राहुटी कोणी शिवून दिली, पंगत कोणाची, हे म्हातारी माणसे सांगायची. ती एकेक करून गेली. मग राहिले काय, तर फोटो.

आता गंमत बघा. दिंडी जुन्नर तालुक्यातली, पण तिचे फोटो गावात नाहीत. ते आहेत घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीला. कारण साधे आहे. गावात कॅमेरा होता कोणाकडे? घाट उतरून जी माणसे मुंबईला गेली, गिरणीत, कारखान्यात, भाजीबाजारात लागली, त्यांच्या हातात रोख पैसा आला. ही माणसे आषाढीला रजा टाकून आळंदीला यायची, येताना कोणाचा तरी कॅमेरा मागून आणायची आणि रोल धुवायला परत मुंबईलाच न्यायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या. लालबाग-परळच्या खोल्या सोडून आपली बरीच घरे उपनगरात गेली, त्यांच्याबरोबर पत्र्याच्या ट्रंका गेल्या. म्हणून गावच्या दिंडीचे तोंड बघायला आम्हाला लोकलने हिंडावे लागले. हरिनाम सप्ताहाला कीर्तनाला जायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या त्या घरी चहा घेऊन विचारायचे, "माऊली, माळ्यावर जुनी ट्रंक आहे का?"

वारकऱ्याला हे काम नवे नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेराव्या दिवशी तरल्या, ही कथा आम्ही कीर्तनात सांगतोच. पण संताजी जगनाड्यांनी अभंग उतरून घेतले, त्यांच्या हातच्या वह्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, हे आम्ही घाईने सांगून पुढे जातो. पुढे १८६९ आणि १८७३ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात गाथा छापली. सरकारने त्याला २४ हजार रुपये दिले आणि शंकर पांडुरंग पंडितांनी देखरेख केली. तेव्हा देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या घराघरातल्या वह्या मागवून ताडून पाहिल्या. कोणीतरी ती वही फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवली होती, म्हणून ती मागवता आली.

मुंबईत फोटो आला १८४० च्या सुमारास. १८५४ साली तिथे फोटो काढणाऱ्यांची संस्थासुद्धा निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळी फोटो काढणाऱ्यांत नावाजलेले. तेव्हा कागदाला अंड्याचा पांढरा बलक लावत. नंतर जिलेटिन आले, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढलेली सरस. माळकऱ्यांनी दचकू नये, मृदंगावरही कातडेच असते. काळ्यापांढऱ्या फोटोत जो काळेपणा दिसतो तो चांदीच्या बारीक कणांचा, आणि ते कण या सरशीत धरलेले असतात. सरस दमट हवेत फुगते, काचेला चिकटते, तिच्यावर बुरशी वाढते, कसर ती खाते. मुंबईची पावसाळी हवा फोटोला का मानवत नाही, ते यावरून कळेल.

आणि नुसती हवाच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अंधेरी-कुर्ल्याच्या बाजूला तळमजल्यावरच्या खोल्यांत पाणी शिरले. आपल्या एका घरातली ट्रंक दोन दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर घरच्यांनी फोटो उन्हात टाकले, तिथेच घात झाला. एकावर एक वाळले आणि त्यांची वीट झाली. भिजलेले फोटो ओले आहेत तोवरच स्वच्छ पाण्यात हलके सोडवावेत, चित्र वर करून टिपकागदावर सावलीत पसरावेत. लगेच जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. हे तेव्हा सांगणारे कोणी नव्हते.

आता पाण्यापेक्षा मोठा पूर इमारतींचा आहे. चाळ पाडायची, टॉवर बांधायचा, तोवर दुसरीकडे राहायचे. सामान आवरताना भिंतीवरच्या तसबिरी आधी भंगारात जातात. भंगारवाला काच आणि चौकट ठेवतो, आजोबा टाकून देतो. आम्ही हे मुलुंडला डोळ्यांनी पाहिले.

आपल्या पुतण्याचा मुलगा कॉम्प्युटरवर काम करतो, त्याने सगळे फोटो यंत्रावर उतरवले. लहान फोटो ६०० डीपीआयवर, पाठपोट दोन्ही बाजू. मूळ प्रत टिफमध्ये ठेवली, बघायला-वाटायला जेपीजी. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, काचेसकट उतरवायचा. प्रती तीन केल्या: एक घाटकोपरला, एक गावात मठात, एक बोरिवलीला. एकाच जागी ठेवण्यात काय धोका आहे ते पुण्यात दिसले होते. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे जुन्या प्रभातच्या जागेत, कोठाराला आग लागली आणि जुन्या फिल्मा जळाल्या. 'संत तुकाराम' आज बघायला मिळतो, कारण त्याच्या प्रती दुसरीकडे होत्या. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो बारीक होतो, तेव्हा ती प्रत धरू नये. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. मूळ फोटो साध्या कागदात एकेक गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, भिंतीपासून लांब ठेवावा. लॅमिनेशन करू नये, ते परत निघत नाही.

पोरांनी एक गोष्ट आणखी करून दाखवली. मोबाईलने जुना फोटो रंगीत केला, फाटलेल्या जागी नवा चेहरा बसवला. बायका खूश झाल्या. आम्ही नको म्हणालो. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध केली, पण स्वतःची ओवी आत घातली नाही आणि दुसऱ्यांनीही घालू नये असे बजावले. त्यांच्यासारख्याला ओवी जमली नसती का? आपल्या आजोबांचे नाक यंत्राने अंदाजाने बसवायचे म्हणजे ते आजोबा नव्हेत. रंगीत प्रत वेगळी ठेवा, तिच्यावर तसे लिहा, मूळाला हात लावू नका.

काळ ठरवायला फोटोच मदत करतो. मागे एसटी दिसली तर फोटो १ जून १९४८ च्या नंतरचा, कारण एसटी त्या दिवशी सुरू झाली. मागच्या शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असला तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. घाटकोपरच्या एका स्टुडिओचा शिक्का नुसता 'मुंबई ७७' असा आहे. तेच पुढे ४०० ०७७ झाले. चौकोनी फोटो बहुतेक आग्फा क्लिकसारख्या डबा कॅमेऱ्याचे. त्याच्या एका रोलात फोटो बारा. बारा फोटोंत आळंदी ते पंढरपूर बसवायचे, म्हणून काढणारा हात राखून असायचा: दिवेघाट, नीरास्नान, रिंगण, चंद्रभागा. पहाटे तीनला उठून चुली पेटवणाऱ्या बाया त्या बारांत बसल्या नाहीत. ट्रक भरणारे, राहुट्या ठोकणारे नाहीत. शंभर वर्षे दिंडी ज्यांनी जेवू घातली, त्यांचा एकही फोटो आम्हाला मिळाला नाही.

ज्या दिसतात त्यांच्याही नावांची पंचाईत. घाटकोपरला एका नव्वदीच्या आजींसमोर आम्ही फोटो ठेवला. डोक्यावर तुळस घेतलेल्या पाच जणी. आजी एकेकीवर बोट ठेवून सांगू लागल्या, ही पाटलाची सून, ही अमक्याची आई. नाव विचारले तर म्हणाल्या, "नाव कशाला कोण घ्यायचं बाबा!" तासभर बसलो तेव्हा तीन नावे निघाली. जनाबाई, मुक्ताई, बहिणाबाई आपल्याला नावाने ठाऊक आहेत, कारण त्यांनी अभंगातच आपली नाममुद्रा घातली. फोटोला नाममुद्रा नसते. ती मागे शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने आपणच लिहायची. बॉलपेनने नको, शाई पुढे उमटते आणि दाबाने वळ येतो. त्या आजी कार्तिकीच्या आधी गेल्या.

मुंबईतच अनुषा यादव या बाईंनी २०१० पासून देशभरच्या घरांतले जुने फोटो त्यांच्या हकिकतीसह जमवायला घेतले. फोटोबरोबर हकिकत मागायची, ही रीत आम्हालाही पटली. म्हणून आम्ही प्रत्येक घरी मोबाईलवर म्हाताऱ्यांचे बोलणेही भरून घेतले. त्यात चहाच्या कपांचा आवाज आहे, नातवंडांचे रडणे आहे, असू द्या.

पुढच्या पानावर दिंडीचा सगळ्यात जुना फोटो छापला आहे. वाळवंटात बसलेले सतरा जण, मध्ये वीणा. डावीकडून अकरा नावे लागली, ती खाली दिली आहेत. सहा ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना पान दाखवावे, ओळख पटली तर पेन्सिलीने लिहावे आणि दशमीच्या मुक्कामी आमच्या राहुटीत आणून द्यावे.